काळी एकचा गंधार

उस्ताद,

तो विजेचा पियानो पुन्हा माझ्या टेबलावर येऊन पडला आहे. ‘पडला’ हे क्रियापद मी विचारपूर्वक योजले आहे. चौघांनी मिळून तो जिन्याने वर आणला आणि शेवटच्या पायरीनंतर त्या चौघांपैकी एकाच्याही कमरेत तो अलगद ठेवण्याचे त्राण उरले नव्हते. आपण दोघांनी त्याचे झाकण प्रथम उघडले त्याला आता पंचवीस वर्षे झाली. मधल्या काळात झुरळांच्या काही पिढ्यांनी त्यात सुखाने संसार केले आहेत, हातोड्यांच्या टोकांवरची लोकर कसरीने भक्षण केली आहे, आणि मी, म्हणजे तुमचा पंडत, पन्नाशीला टेकून तुमच्यासारखाच भिंग डोळ्याला लावून बसू लागलो आहे. तुम्हाला पत्र लिहिण्यात एक व्यावहारिक अडचण आहे, ती आरंभीच नमूद करतो. तुम्हाला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. मी आल्यापासून तुमच्या दुकानात आलेला प्रत्येक कागद मीच तुम्हाला वाचून दाखवला. तेव्हा हे पत्रही अखेर मलाच मोठ्याने वाचावे लागणार. माझ्या अपराधाचे मूळ नेमके याच व्यवस्थेत आहे. परंतु त्याकडे यथाक्रम येतो.

संस्कृत घेऊन प्रथम वर्गात बी.ए. झालेल्या मनुष्याला त्या काळी सोलापुरात जितकी मागणी होती तितकीच ती आजही आहे, म्हणून त्यावर शाई खर्चत नाही. विजापूर वेशीच्या आतल्या बोळात तुमचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर, मध्ये जुन्या चादरीचा पडदा. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला घेऊन मी आलो, ती दुरुस्त होईपर्यंत स्टुलावर बसलो, आणि पेटी परत गेली तरी मी गेलो नाही. तुम्ही पेटीत सूर देणारी पितळी पात जिभेवर ठेवल्यासारखी ओठांत धरून फुंकत होता. तपकिरीच्या डबीत जपून ठेवलेली ती एकच पात, काळी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीची, हाच तुमचा मूळ सूर. त्यावरून तुम्ही सगळी पेटी उभी करायचा. गिरणीचा भोंगा झाला की हातातले काम थांबवून तुम्ही कपाळाला आठ्या घालायचा, कारण तो भोंगा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असे. “इतने बरस हो गए,” तुम्ही म्हणायचा, “रोज बजता, फिर भी रियाज़ नै करता.”

पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारले, “उस्ताद, या स्वरयंत्राच्या अंतर्रचनेचे ज्ञान संपादन करण्यास किती कालावधी अपेक्षित आहे?” तुम्ही पडद्याकडे तोंड करून चाचींना हाक मारलीत. “अगे सुनती? हितं एक पंडत आलाय. मराठी सोडून सगळं येतंय त्याला.” त्या दिवसापासून मी पंडत झालो. विद्यापीठाने दिलेल्या पदवीपेक्षा ही पदवी अधिक टिकाऊ ठरली.

तुमचे गिऱ्हाईक ठरलेले होते. अक्कलकोटच्या मठात भजन करणारी मंडळी, मैंदर्गीहून बैलगाडीत पेटी घालून येणारे आणि आपापसांत कानडीत भांडणारे भजनी, उरुसात गाणारे दोन कव्वाल. त्यांतला प्रत्येक जण जन्मभर एकाच पट्टीत गाणारा, आणि त्या पट्टीचा षड्ज धरून तुम्ही त्याची पेटी लावायचा. गंधार षड्जाशी कुठे विरघळतो ते स्थान तुम्ही कानाने शोधायचा आणि तिथे पोहोचलात की डोळे मिटायचा. कानस चालवताना मी एकदा घाई केली आणि पात जास्त घासली गेली, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून कानस काढून घेतलीत आणि तीन दिवस मला केवळ भाते चिकटवायला लावलेत. “घाई असेल तर एस.टी.त कंडक्टर हो,” तुम्ही म्हणालात. “घासलेलं पितळ परत येत न्हाई, पंडत.” मी आजही कानस उचलली की आधी हे वाक्य उचलतो.

आणि मग, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराच्या एका आषाढात, हातगाडीवरून हे विलायती महाशय अवतरले. सोबत मालक: पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घराण्यातला तरुण, घरात चादरींचे माग आणि डोक्यात ऑर्केस्ट्रा.

“चाचा, मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचललाय,” तो म्हणाला. “तिथं झकास वाजत होता. मोडनिंबजवळ ट्रक खड्ड्यात गेला आणि निम्मे सूर गेले बघा.”

“मोडनिंबला उतरले? त्यांचं टिकीट तिथपर्यंतचंच आसंल की,” तुम्ही म्हणालात.

“चेष्टा नको चाचा. गणपतीत पहिला कार्यक्रम हाय. भिंतींवर रंगवून झालंय, सोलापुरात प्रथमच विजेचा पियानो म्हणून. अख्खा पूर्व भाग येणार. तुमच्याशिवाय हात कोण लावणार याला?”

त्याचे हे शेवटचे वाक्य तुम्हाला लागू पडले. तुम्ही दाढीवरून हात फिरवलात आणि मला झाकण काढायला सांगितलेत.

आत जे दिसले त्याने तुम्ही मुलासारखे हसलात. मला वाटले होते तारांचे अरण्य असेल. पण आत ओळीने पोलादी पाती बसवलेल्या होत्या, पेटीतल्याच कुळातल्या, केवळ अधिक सुदृढ. पट्टी दाबली की हातोडा खालून पातीला टोला देतो, पात थरथरते, तिच्या बाजूचा पत्रा ती थरथर विजेत पकडतो आणि पुढे ध्वनिवर्धकाच्या भोंग्याला देतो. प्रत्येक पातीच्या टोकाला कथलाचा एक थेंब. थेंब घासून लहान केला की सूर चढतो, त्यावर आणखी कथील ठेवले की उतरतो. ही गोष्ट तुमच्या ध्यानात आली तो क्षण मला अजून दिसतो. तुम्ही भिंग बाजूला ठेवता, टोपी मागे सरकवता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, “पंडत, हितं घासलेलं परत येतंय. डाख दिला की परत येतंय रे!” चाळीस वर्षे परत न येणाऱ्या पितळावर जपून हात चालवणाऱ्या माणसाला कुणी क्षमेचा शोध लागल्याचे सांगावे, तसा तुमचा चेहरा झाला होता.

पुढचा दीड महिना हे माझ्या आयुष्यातले खरे अध्ययन. हातोड्यांना लावायची जाड लोकर सोलापुरात मिळेना, तेव्हा तुम्ही एका धनगराकडून जुनी घोंगडी आणलीत, ती उकळत्या पाण्यात घालून आटवलीत आणि तिचे नखाएवढे तुकडे कापलेत. विलायती यंत्राने आमच्या माणदेशी मेंढ्यांचा स्वीकार कोणताही जातिभेद न करता केला. डाख द्यायचे लोखंड चाचींच्या शेगडीवर तापत असे. “रोटियां सेकूं क्या बाजा सेकूं?” त्या पडद्याआडून विचारत, आणि तुम्ही म्हणायचा, “दोनों सेक. दोनों खाने के काम आएंगे.” कथलाची कणी पात आणि पत्र्याच्या मध्ये अडकली की यंत्र घसा बसल्यासारखे खरखरे, ती कणी तुम्ही दर्ग्यातल्या मोरचेलाच्या एका पिसाने काढायचा. तुमचे थेंब मी अनेकदा न्याहाळले. बाजरीच्या दाण्यासारखे वाटोळे, सगळे एका मापाचे. माझे थेंब वाळत घातलेल्या सांडग्यांसारखे दिसत. तुम्ही ते पाहायचा आणि उसासा टाकायचा.

आता त्या पुस्तिकेबद्दल लिहितो. यंत्राच्या तळाशी एक इंग्रजी पुस्तिका निघाली होती. तुम्ही ती मला वाचायला दिलीत, आणि मी स्टुलावर मांडी घालून तिचे भाषांतर करू लागलो; अर्थात माझ्या पद्धतीचे, म्हणजे मूळ इंग्रजी बरे होते असे वाटावे इतके सालंकृत. स्वर लावण्याच्या पानावर आलो. तिथे स्पष्ट म्हटले होते की सप्तकाचे बारा समान भाग करावेत आणि प्रत्येक स्वर त्या समान अंतरावर बसवावा.

“समान?” तुम्ही कानस थांबवलीत. “सुरां क्या रेशन की शक्कर हैं, सबकू बराबर?”

मला हसू आले. तुमचा विनोद मला आवडला, आणि तुमच्या विनोदाला माझी पुरवणी जोडण्याचा मोह आवरला नाही. मी पुस्तिका मिटली आणि गंभीर मुद्रेने म्हणालो, “मुद्रणदोष असावा, उस्ताद. साहेबाला यंत्र कळते, गायन कळत नाही.” तुम्ही खो खो हसलात. चाचींना बोलावून तो विनोद पुन्हा ऐकवलात. माझ्या एखाद्या वाक्याला तुम्ही इतके मनापासून हसल्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की ते पान मी पुन्हा उघडले नाही. उघडले असते तर पुढच्याच परिच्छेदात कारण दिले होते: हे वाद्य कोणत्याही पट्टीत वाजावे लागते. प्रत्येक स्वराने आपल्या गोडव्यातला थोडा भाग सोडला, तरच बारांपैकी कुणालाही षड्ज होता येते. कुठेच परिपूर्ण नाही, पण कुठेच असह्यही नाही. तुमच्या पेट्यांना याची कधी गरज पडली नव्हती. तुमचा भजनी पट्टी बदलत नसे.

तुम्ही डबीतली पात फुंकलीत, यंत्राची काळी एक तिच्याशी तंतोतंत जुळली, आणि ती तुम्ही यंत्राने दिलेली सलामीच मानलीत. तिथून तुम्ही एकेक स्वर उभा केलात. गंधाराला दोन दिवस घेतलेत. शेवटच्या संध्याकाळी मी काळी एकवर षड्ज, गंधार, पंचम एकत्र दाबले आणि खोलीतली हवा स्थिर झाली. काहीही थरथरत नव्हते. चाची पडदा सारून बाहेर आल्या, हाताला कणीक तशीच. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही पेटीची स्तुती केली नव्हती. त्या म्हणाल्या, “फिर से बजा रे पंडत.” मी पुन्हा वाजवले. तुम्ही डोळे मिटून बसला होता.

कार्यक्रमाला तुम्ही खळ घातलेली टोपी आणि ठेवणीतली शेरवानी घालून पहिल्या रांगेत बसलात, मी शेजारी. पहिले गाणे काळी एकमध्ये होते. उस्ताद, ते गाणे विसरणे मला शक्य नाही. लोक टाळ्या वाजवीत होते आणि मालक व्यासपीठावरून तुमच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होता, हेच ते चाचा. मग गायिका आली. तिची पट्टी पांढरी चार. पियानोवाल्याने पहिला स्वरमेळ दाबला आणि सगळा मांडव एकदम तोंड वाकडे करून बसला. एकेका स्वराचे दुसऱ्याशी वैर पडले होते. बाजूचा ॲकॉर्डियन एक सांगत होता, पियानो दुसरे. गायिका पहिल्याच कडव्याला थांबली आणि मागे वळून बघू लागली. मागून कुणाचा तरी खेडवळ आवाज आला, “आरं, त्या पेटीला सर्दी झालीया व्हय? काढा द्या की तिला!” मांडव हसला. मालकाने विजेची दोरी उपटली आणि उरलेला कार्यक्रम ॲकॉर्डियनवर काढला.

मला त्या क्षणी सगळे कळले. बारा समान भाग, मिटलेले पान, माझा मुद्रणदोष. एका मेळात सगळे कळले. तुम्हाला कळले नाही, कारण तुमच्या जगात लावलेला सूर पट्टी बदलली म्हणून खोटा होत नसे. खोटा वाजला तर लावणाराच चुकला. कार्यक्रम संपल्यावर मालक खाली आला. पोरगा वाईट नव्हता, पण भिंती रंगवून बसलेला होता. सगळ्यांदेखत म्हणाला, “चाचा, कान गेले की तुमचे. आधी सांगायचं तरी.” तुम्ही टोपी काढलीत, तिची घडी घातलीत आणि खिशात ठेवलीत. उघड्या डोक्याने तुम्हाला रस्त्यावर चालताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो तेव्हा तुम्ही डबीतली पात कधी हा कान, कधी तो कान बोटाने बुजवून फुंकत होता. मला पाहून तुम्ही ती खाली ठेवलीत.

“पंडत, सच बोल. मेरे कानां गए क्या?”

उत्तर माझ्याजवळ होते. “कान शाबूत आहेत, उस्ताद, मी पान वाचले नाही,” इतकेच म्हणायचे होते. त्याऐवजी मी उच्चारलेले वाक्य मला आजही अक्षरशः पाठ आहे: “वयोमानपरत्वे श्रवणेंद्रियाची सूक्ष्मग्राहकता किंचित क्षीण होणे हे निसर्गनियमास धरूनच आहे.”

“मराठीत बोल,” तुम्ही म्हणालात, पण आवाजात गंमत नव्हती.

“वय झालं की होतं थोडं,” मी म्हणालो.

तुम्ही मान डोलावलीत. मग ती तपकिरीची डबी माझ्यासमोर सरकवलीत. “ठेव. आजपासून शेवटचा कान तुझा.” त्यापुढची तीन वर्षे तुम्ही प्रत्येक पेटी लावून झाली की माझ्यापुढे ठेवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. प्रत्येक पेटी अचूक असे. मी मान हलवली की तुम्हाला हायसे वाटे. मैंदर्गीवाल्यांना तुम्ही सांगायचा, “पंडतने ऐकलंय, आता काळजी न्हाई.” डोळे मिटणे मात्र तुम्ही सोडून दिले होते. सांगेन, सांगेन म्हणत मी तीन वर्षे घालवली. विद्वान मनुष्याला योग्य शब्द सापडेपर्यंत थांबण्याची सवय असते. चौथ्या वर्षी तुम्ही गेलात. चाचींनी तुमची भिंगेसुद्धा मला दिली, आणि ती घेताना मी नाही म्हणालो नाही.

पियानो कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांनी मालकाने गुपचूप माझ्या घरी आणला होता. ॲकॉर्डियन शेजारी ठेवून मी तो पुस्तिकेप्रमाणे लावला. तुमचा गंधार पुस्तिकेच्या गंधारापेक्षा किंचित खाली होता, म्हणून तो चढवायला मी तुमचे बाजरीचे दाणे कानसेने उडवले. त्यानंतर तो पाच-सहा वर्षे गाजला आणि मीही गाजलो.

आता मालक नाहीत. त्यांची मुलगी लहान मुलांना वाजवायला शिकवते. तिने माळ्यावरून हा उतरवला आणि माझ्याकडे पाठवला. दोन महिने मी त्याच्या आत आहे. हातोड्यांना पुन्हा घोंगडी लावली, झुरळांना सन्मानाने निरोप दिला. गेल्या आठवड्यात पाती पुसत होतो, तेव्हा माझ्या सांडग्यांच्या रांगेत मधूनच वाटोळे दाणे दिसले. काळी एक, पुढच्या सप्तकातली काळी एक, आणि त्यांचे पंचम. मग आठवले: षड्ज दोन्ही पद्धतींत एकच, आणि पंचमातला फरक नसल्यासारखा. म्हणून त्यांना मी तेव्हा हात लावला नव्हता. त्या मुलीने मला सूर मोजण्याची एक चिमुकली डबी दिली आहे, तिच्यात सुई असते. मी तुमची काळी एक वाजवली. सुई मध्यावर उभी राहिली. पुढची वाजवली, मध्यावर. तुमच्या हातच्या एकूण पाच काळी एक आहेत, उस्ताद, आणि पंचवीस वर्षे, माळा, झुरळे, सोलापूरचे उन्हाळे सोसून त्यांतली एकही केसभर हललेली नाही.

काल बाकीचे सगळे स्वर पुस्तिकेप्रमाणे लावून झाले. मग मी लोखंड तापवले आणि मधल्या सप्तकातल्या गंधारावर कथलाचा एक थेंब परत ठेवला. तुमच्या तपकिरीच्या डबीतली पात ओठांत धरली, आणि सुईकडे न पाहता तो उतरवत उतरवत तुमच्या जागेवर आणला. तीनदा चुकला, तीनदा परत आला. थेंब अजूनही वाटोळा जमत नाही.

आज ती मुलगी आली, बसली, सगळ्या पट्ट्यांवरून बोटे फिरवली, खूश झाली. मग त्या गंधारावर थांबली. दोनदा दाबला.

“काका, हा एकच जरा उतरलाय का हो?” ती म्हणाली. आणि मी तोंड उघडण्यापूर्वी माझी सुटका करण्यासाठी तिनेच पुढे म्हटले, “असू दे. वय झालंय बिचाऱ्याचं.”

मी म्हणालो, “हो. वय झालं की होतं थोडं.”

उद्या सकाळी चार माणसे येऊन तो घेऊन जातील. त्याला काहीही झालेले नाही, उस्ताद. तुम्हालाही झाले नव्हते.